पापणीवरचा लाल ठिपका, कमरेवरचा निळा डाग: बाळाच्या जन्मखुणांचं काय करायचं?

मनीषनगरची_मावशी | सोमवार, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी, नागपूरला आली आहे. मुलगी झाली, आता पाच आठवड्यांची होईल. जन्मतः वजन थोडं कमी होतं, बाकी सगळं छान. पण दोन गोष्टींनी घरात काळजी लागली आहे.

कमरेच्या खाली, माकडहाडावर आणि एका कुल्ल्यावर निळसर-राखाडी डाग आहे. चांगला तळहाताएवढा. हा जन्मल्या दिवसापासून आहे. दुसरं म्हणजे उजव्या वरच्या पापणीवर लाल ठिपका. जन्माच्या वेळी तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात डास चावल्यासारखं दिसलं. आता तो डाळिंबाच्या दाण्याएवढा झाला आहे, तसाच लालबुंद आणि वर आलेला. रडली की आणखी गडद होतो. तो डोळा ती जरा कमी उघडते असं आईला वाटतं.

बघायला येणारा प्रत्येक जण बहिणीलाच विचारतो. ग्रहणात काही चिरलंस का, डोहाळे राहिले होते का, लाल काही खावंसं वाटत होतं का. तिच्या सासूबाईंनीही फोनवर हेच विचारलं. बाळाला पाजताना पोरगी रडते, बघवत नाही. मालीशवाली बाई म्हणते जायफळ उगाळून लावा, बसून जाईल. आजीचं म्हणणं, सव्वा महिना पुरा होईपर्यंत बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही आणि बारशानंतर काय ते बघू.

काय करावं? थांबावं का? आणि कुणाला दाखवावं, बालरोगवाल्यांना, त्वचेच्या की डोळ्यांच्या डॉक्टरांना?

वऱ्हाडी_काकू | सोमवार, रात्री ११.१०

अव माय, काऊन रडून राहिली ते लेक? तिले म्हणा, आधी डोळे पूस. निळ्या डागाचं काही नाही होत. माह्या तिन्ही पोरांले होता, नातवालेही होता. पोट्टे शाळेत जायच्या टायमाले कुठी गेला तेही नाही समजलं.

आन ग्रहणाचं म्हणशीन, तर मी माह्या मोठ्याच्या टायमाले ग्रहणात शेतात निंदन करत होती. विळा हाती होता. त्या पोराच्या अंगावर एक तीळ नाही. ज्याच्या आईनं अंधाऱ्या खोलीत बसून सारं पाळलं, त्या भाच्याच्या पाठीवर हे एवढं लासं आहे. मंग सांग!

त्या लाल वाल्याचं मले नाही माहीत बाप्पा. डोळ्यापाशी आहे, दाखवून घे. जायफळ-बियफळ काही लावू नको त्याले.

हिंगणा_टी_पॉइंट | सोमवार, रात्री ११.३२

आमच्या मुलीच्या टाळूवर असाच लाल उंचवटा होता. लिंबाएवढा झाला होता. डॉक्टर म्हणाले आपोआप जाईल, आणि खरंच गेला. पहिलीत जाईपर्यंत नुसती फिकट खूण राहिली. तेव्हा घाबरू नका, काहीही करू नका, उगाच लहान जिवाला औषधं नकोत.

त्वचा_ओपीडी | मंगळवार, सकाळी ६.५०

मी नागपुरातच त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे निदान करणार नाही, बाळ हातात घेऊन बघितल्याशिवाय ते करूही नये. पण तुम्ही वर्णन इतकं नीट केलं आहे की एक गोष्ट आधीच सांगते: मावशी, बारशाची वाट बघू नका. या दोन-तीन दिवसांत बाळाला दाखवा.

निळ्या डागाबद्दल काकूंचं बरोबर आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात आतून वरच्या थराकडे सरकत असतात. काही पेशी वाटेत, खोल थरातच राहतात. रंग तपकिरीच असतो, पण इतक्या खोलवरून तो निळा-राखाडी दिसतो. आपल्याकडच्या बाळांमध्ये हा फार म्हणजे फारच सर्रास दिसतो. मलम नको, लेझर नको, काही नको. बहुतेकांचा शाळेच्या वयापर्यंत पुसट होतो. फक्त पाठभर, पोटावर, हातापायांवर असे खूप मोठे आणि खूप ठिकाणी डाग असतील आणि बाळाची वाढही मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञ काही दुर्मिळ आजारांची तपासणी करतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही. दाखवायला जाल तेव्हा कमरेवर मध्यभागी केसांचा झुपका, खोल खळगा किंवा मऊ गाठ आहे का एवढं मात्र बघून घ्यायला सांगा. तसं काही असेल तर मणक्याची तपासणी लागते.

आता पापणीचं. जन्माच्या वेळी नसलेला, पहिल्या काही आठवड्यांत उगवलेला आणि भराभर वाढणारा लालभडक उंचवटा हा बहुतेकदा हिमॅन्जिओमा असतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढून झालेली ही गाठ आहे. कर्करोग नव्हे. मुलींमध्ये, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये जास्त आढळते. आधी वाढते, मग थांबते, मग काही वर्षांत ओसरते.

हिंगणा दादा, तुमच्या मुलीला थांबायला सांगितलं ते बरोबरच होतं. टाळूवरच्या गाठीनं कशाला अडथळा होत नव्हता. पापणीचं गणित वेगळं आहे. पहिल्या महिन्यांत मेंदू बघायला शिकत असतो. पापणी खाली ओढली गेली, किंवा गाठीच्या दाबानं बुबुळाचा आकार किंचित जरी बदलला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र घेणंच कमी करतो. याला आळशी डोळा म्हणतात. पुढे पाच वर्षांनी गाठ पूर्ण गेली तरी नजर गेलेली असू शकते. गाठ आपोआप जाते, हे खरं. नजर आपोआप परत येत नाही.

आणि वेळेचा मुद्दा नीट समजून घ्या. ही गाठ सगळ्यात वेगानं वाढते ती साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात. म्हणजे नेमके आपले सव्वा महिना बाळाला घरात ठेवण्याचे दिवस. आपल्याकडे या गाठी उशिरा येतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, मी ओपीडीत सतत बघते. बाळ पहिल्यांदा बाहेर पडतं तेव्हा वाढ जवळपास होऊन गेलेली असते. अमेरिकेतल्या बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही अडचणीच्या जागी हिमॅन्जिओमा असेल तर महिन्याच्या आसपासच तज्ज्ञांना दाखवा असं सांगितलं आहे. आजींना सांगा, लसीला बाळ बाहेर नेतोच ना, तसंच हे. गुंडाळून, टोपडं घालून, सकाळच्या वेळी न्या.

कुणाला दाखवायचं: त्वचारोग आणि नेत्ररोग दोन्ही. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहान भागातलं एम्स, तिन्हीकडे हे दोन्ही विभाग आणि बालरोग विभाग एकाच आवारात आहेत. खाजगीत जायचं तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडूनच चिठ्ठी घ्या, ते पुढचं जमवून देतात. मोबाइलमध्ये दर आठवड्याचे फोटो असतील तर घेऊन जा, वाढीचा वेग त्यातूनच कळतो.

मनीषनगरची_मावशी | मंगळवार, सकाळी ८.१५

डॉक्टर ताई, खूप आभार. तुमचं उत्तर आजीला वाचून दाखवलं. "लसीसारखं" म्हटल्यावर तिला पटलं. उद्या सकाळी निघतोय.

एका नातेवाइकांनी सांगितलं की यावर बीपीची गोळी देतात. एवढ्याशा बाळाला बीपीची गोळी? बहिणीच्या नवऱ्याला ते अजिबात मान्य नाही. आणि तोवर घरी काय काळजी घ्यायची? मालीश, अंघोळ, काजळ?

त्वचा_ओपीडी | मंगळवार, दुपारी २.४०

त्यांची भीती साहजिक आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

औषधाचं नाव प्रोप्रॅनोलॉल. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या आजारांत ते कितीतरी वर्षांपासून वापरलं जातंय. हिमॅन्जिओमावर ते चालतं हे योगायोगानं कळलं. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात एका बाळाच्या नाकावर मोठी गाठ होती, तिच्यासाठी स्टेरॉइड चालू होतं. स्टेरॉइडमुळे हृदयावर परिणाम झाला म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरू लागला, ती मऊ पडली. डॉ. ख्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बाळांसाठीच्या खास द्रावणाला मान्यता दिली. आज अडचणीच्या हिमॅन्जिओमासाठी जगभर हेच पहिलं औषध आहे.

औषध चांगलं आहे, पण घरच्या घरी खेळण्यातलं नाही. सुरू करण्याआधी हृदयाचे ठोके, रक्तदाब, छाती तपासतात, गरजेप्रमाणे ईसीजी वगैरे करतात. मात्रा वजनावर ठरते आणि बाळ वाढेल तशी बदलते. इथे कुणी मात्रा सांगू नये, कुणी विचारूही नये. एक नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: डोस दुधासोबतच द्यायचा. बाळ नीट पीत नसेल, उलट्या-जुलाब होत असतील, छातीत घरघर असेल, तर तो डोस द्यायचा नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. उपाशीपोटी हे औषध रक्तातली साखर उतरवू शकतं. बाळ घामेजलं, थंडगार पडलं, सुस्त झालं, उठवून उठत नसेल तर थेट दवाखाना.

छोट्या, पातळ गाठींवर टिमोलॉल नावाचे थेंबही वापरतात. ते मुळात काचबिंदूसाठीचे डोळ्यांत घालायचे थेंब. तुमच्या बाळाला काय लागेल ते बघणारे डॉक्टर ठरवतील. कदाचित नुसतं दर आठवड्याला तपासत राहायलाही सांगतील.

आता घरचं. गाठीवरची त्वचा पातळ असते आणि खरचटली की रक्त भळाभळा येतं. म्हणून:

डाळीच्या पिठानं किंवा उटण्यानं तिथे रगडायचं नाही. कोमट पाण्याचा हात फिरवायचा, मऊ सुती कापडानं टिपून घ्यायचं. मालीश अंगाला करा, त्या पापणीला बाईंचा हात लागू देऊ नका. निळ्या डागावर तेल लावायला काहीच हरकत नाही, पण घासून तो जाणार नाही, त्यामुळे जोर लावू नका. काजळ अजिबात नको, कुठल्याच बाळाला नको. जायफळ, चुना, हळद, लसूण, कुणी दिलेलं मलम, काही नको. धुरी आणि शेक त्या बाजूनं नको. बाळाची नखं कापून ठेवा, गाठ तिच्याच हातानं ओरबाडली जाते. रक्त आलंच तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर निघा.

ओठावर, मानेच्या घडीत किंवा लंगोटाच्या जागी अशी गाठ असेल तर ती ओल आणि घासण्यानं फुटते, जखम होते आणि बाळ कळवळतं. हनुवटी-गळ्याभोवती दाढीच्या जागी पसरलेली असेल आणि श्वासाला आवाज येत असेल, तर आत श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. अर्धा चेहरा व्यापणारी मोठी असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळेही तपासतात. हे सगळे लगेच दाखवण्याचे प्रकार. हातावर, पोटावर एकच छोटी गाठ असेल तर निवांत लक्ष ठेवा.

आणि तुमच्या बहिणीसाठी, ठळक अक्षरात समजा: तिनं काहीही केल्यामुळे हे झालेलं नाही. ग्रहण, सुरी, डोहाळे, बीट, डाळिंब, कशाचाही संबंध नाही. सासूबाईंना वाटलं तर माझ्याशी बोलायला सांगा, मी इथेच आहे.

औषधवाला_सक्करदरा | मंगळवार, रात्री ९.०५

मेडिकल स्टोअर चालवतो, म्हणून लिहितोय. दर आठवड्याला कुणी ना कुणी काउंटरवर मोबाइलवरचा फोटो दाखवतं, "भाऊ, डाग जायची ट्यूब द्या." नावानिशी मागतात. त्यातल्या बहुतेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, काहींत सोबत हायड्रोक्विनोन, म्हणजे त्वचेचा रंग उतरवणारं औषध. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी लोक भांडतात. मी देत नाही. जन्मखूण त्यानं जात नाही, उलट चामडी पातळ होते, केस उगवतात, बारीक लाल शिरा उमटतात, मग त्याच ट्यूबशिवाय चेहरा भाजल्यासारखा होतो. बाळाच्या अंगातून तर हे औषध रक्तातही मोठ्यांपेक्षा जास्त उतरतं. चुना-सोडा लावून तीळ जाळणारे अजून आहेत, ते घाव घेऊन मलमपट्टीला माझ्याकडेच येतात. हात जोडून सांगतो, नका करू.

गुलाबी_गाल | मंगळवार, रात्री ११.४८

हा धागा वाचून खूप वेळ नुसती बसले होते. माझ्या डाव्या गालापासून कपाळापर्यंत जन्मापासून लाल खूण आहे. सपाट, हिमॅन्जिओमासारखी वर आलेली नाही. पोर्ट वाइन स्टेन म्हणतात हिला. ही जात नाही. लहानपणी गुलाबी होती, वयाबरोबर जांभळट आणि जाडसर होत गेली.

माझ्या आईनं आयुष्यभर स्वतःला दोष दिला. मी पोटात असताना तिनं मंगळवारी कुंकवाचा करंडा सांडला, म्हणून मुलीच्या गालावर सांडलं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पुढे मी स्वतः वाचलं की २०१३ मध्ये या खुणेचं कारण सापडलं आहे. जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बदल होतो, तोही गर्भ तयार झाल्यानंतर, एखाद्या पेशीत. आईकडून आलेला नाही, वडिलांकडून आलेला नाही, आईच्या वागण्यानं झालेला नाही. ते पान मी तिला मराठीत समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मामीला फोन करून अक्षरन्अक्षर सांगितलं.

आता कामाचं. कपाळावर आणि वरच्या पापणीवर अशी खूण असेल तर झटके आणि काचबिंदू यांचा धोका असतो, त्याला स्टर्ज-वेबर म्हणतात. मला झटके कधी आले नाहीत, पण डोळ्यांचा दाब मी ठरावीक काळानं अजून तपासून घेते, आणि घेत राहणार. लहान बाळाच्या कपाळावर खूण असेल तर आई-बाबांनो, हे दोन्ही तपासायला विसरू नका.

लेझर. कॉलेजात असताना एका पार्लरवजा क्लिनिकमध्ये "तीन सिटिंगमध्ये साफ" म्हणून केलं. मशीन कोणतं, कशासाठी, काही सांगितलं नाही. भर मे महिन्यात. गालावर फोड आले आणि दोन पांढरे चट्टे कायमचे राहिले. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी आधी कानाजवळ लहानशा जागेवर करून बघितलं, काही आठवडे थांबले, मगच पुढे गेले. या खुणेसाठी पल्स्ड डाय लेझर वापरतात. रक्तातला लाल रंग त्याचा प्रकाश शोषून घेतो आणि ती शीर बंद पडते. आपल्या सावळ्या त्वचेतला रंगही थोडा प्रकाश शोषतो, म्हणून भाजण्याचा धोका जास्त आणि अनुभवी हात हवा. माझी खूण पुष्कळ फिकी झाली, पूर्ण गेली नाही. लहान वयात सुरू केलं तर परिणाम चांगला मिळतो असं मला सांगितलं गेलं.

नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. लेझर हिवाळ्यात करून घ्या. उन्हात निघताना सनस्क्रीन, वरून सुती दुपट्टा, स्कूटीवर असाल तर हेल्मेटची काच खाली. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात.

बहिणीला माझा नमस्कार सांगा. आणि बाळाचे फोटो काढताना ती बाजू लपवू नका. माझ्या लहानपणाच्या एकाही फोटोत माझा डावा गाल नाही.

वऱ्हाडी_काकू | बुधवार, सकाळी ७.२०

गुलाबी, बाई माझे, तुह्या आईले माह्याकडून सांग, कुंकू सांडलं तं पुसून घ्याचं असते, त्याचा एवढा हिशोब नसते ठेवाचा. आन तू एकदा घरी ये सावजी खायाले.

गणिताचे_सर | बुधवार, सकाळी १०.३०

महापालिकेच्या शाळेत शिकवतो. सहावीतल्या एका मुलाच्या पाठीवर आणि हातांवर दुधाळ चहाच्या रंगाचे सपाट डाग आहेत. पीटीच्या तासाला शर्ट बदलताना दिसले, मुलं चिडवतात. चिडवण्याचं मी बघतोय. पण डाग बरेच आहेत. काखेतही बारीक ठिपके आहेत. पालकांना सांगावं का? मजूर कुटुंब आहे, उगाच घाबरवायचं नाही.

त्वचा_ओपीडी | बुधवार, दुपारी ३.१०

सर, जरूर सांगा, आणि मुलासमोर शांतपणे सांगा. असे एक-दोन डाग कितीतरी निरोगी माणसांना असतात, त्यांचं काहीच करायचं नसतं. पण वयात येण्याआधी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या जनुकीय आजारासाठी तपासावं लागतं. काखेतले ठिपके हीसुद्धा त्याची खूण आहे, म्हणून तुमच्या नजरेचं कौतुक वाटतं. यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या घरात दुसऱ्या कुणालाही हा आजार नसतो, त्यामुळे "आमच्यात कुणालाच नाही" म्हणून पालक थांबतील, थांबू देऊ नका. डोळे, रक्तदाब, मणका आणि अभ्यासातल्या अडचणी यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात, आणि वेळेवर कळलं तर मूल छान जगतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना हा मुलगा मुद्दाम दाखवा. ते सरकारी रुग्णालयात पाठवू शकतात.

लक्ष्मीनगर_बाबा | बुधवार, रात्री ८.५५

विषय निघालाच आहे तर दोन शंका. मुलाच्या मांडीवर जन्मापासून काळा, केसाळ तीळ आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. केस कापले तर कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? आणि पुतणीच्या पोटावर जन्मापासून एक पांढरट पट्टा आहे. घरात सगळे कोड म्हणून कुजबुजतात, वहिनीला तर तिच्या लग्नाची काळजी आतापासून. पोरगी दोन वर्षांची आहे.

त्वचा_ओपीडी | बुधवार, रात्री १०.२०

केस कापल्यानं, वस्तरा फिरवल्यानं काहीही होत नाही. उपटू मात्र नका, पुळी येते. लहान जन्मजात तिळांत कर्करोगाचा धोका अगदी कमी असतो. मूल वाढेल तसा तीळ त्याच प्रमाणात मोठा होणार, जरा उंच होणार, केस येणार, हे अपेक्षित आहे. अचानक एका बाजूनं वाढणं, नवा कडक कण येणं, रंगांची सरमिसळ, मार न लागता रक्त, असं दिसलं तर दाखवा. दर वर्षी वाढदिवसाला बाजूला पट्टी ठेवून एक फोटो काढून ठेवा, फरक कळायला तेवढं पुरतं. अर्धी पाठ किंवा चड्डीची जागा व्यापणारे अवाढव्य तीळ हा निराळा विषय आहे, ती मुलं सुरुवातीपासूनच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हवीत.

पुतणीचा पट्टा जन्मापासून असेल, तेवढाच राहिला असेल, नवे डाग आले नसतील, तर तो कोड असण्याची शक्यता फार कमी. त्या जागी रंगाच्या पेशी असतात, पण रंग कमी तयार होतो. कोडाचे डाग सहसा नंतर येतात, वाढतात आणि खडूसारखे पांढरे असतात. वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली बघितलं की बऱ्याचदा तिथल्या तिथे उत्तर मिळतं. असे पांढरे डाग तीन किंवा जास्त असतील, किंवा मुलीला कधी झटके आले असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वहिनींना सांगा, कोड असतं तरी ते संसर्गानं पसरत नाही आणि त्यानं माणूस कमी ठरत नाही. दोन वर्षांच्या मुलीच्या देखत तिच्या लग्नाची कुजबुज आधी थांबवा.

निळा_डोळा | बुधवार, रात्री ११.१५

माझ्या उजव्या डोळ्याभोवती, गालाच्या वर निळसर-करडी झाक आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही थोडा निळा रंग आहे. या खुणेला ओटाचा नीव्हस म्हणतात, जपानी डॉक्टर ओटा यांच्या नावावरून. बसमध्ये, बँकेत, अनोळखी बायका हळूच विचारतात, "घरी मारतात का गं?" त्यांची माया कळते, तरी दर वेळी उत्तर देताना नवऱ्यालाही आणि मलाही अवघडतं.

हे लिहिण्याचं कारण बाळाचा निळा डाग. पाळणाघरात किंवा नव्या डॉक्टरांकडे तो माराचा वण वाटू शकतो. जन्माच्या वेळीच बाळाच्या कार्डावर डागाची जागा आणि आकार लिहून घ्या, फोटो ठेवा. वण चार दिवसांत हिरवा-पिवळा होतो, दुखतो. हा तसाच राहतो आणि दाबला तरी बाळ रडत नाही.

माझ्यासारखी खूण कुणाला असेल तर ती आपोआप जात नाही, पण क्यू-स्विच्ड लेझरनं बरीच फिकी होते, बऱ्याच बैठका लागतात. डोळ्यांचा दाब तपासत राहा.

मनीषनगरची_मावशी | शनिवार, दुपारी १२.३०

सगळ्यांना कळवते. बुधवारी दाखवून आलो. हिमॅन्जिओमाच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. पापणी थोडी खाली येते आहे, बाहुली अजून झाकली गेलेली नाही, पण बुबुळावर किंचित दाब आहे. "वेळेवर आणलंत," एवढंच म्हणाले. निळ्या डागाकडे एकदा बघून, मणका चाचपून सोडून दिलं.

ईसीजी आणि बाकी तपासण्या होऊन औषध सुरू झालं आहे. पहिले डोस तिथेच देऊन बाळाला थांबवून घेतलं होतं. आता फ्रीजवर कागद चिकटवला आहे: डोसची वेळ, आधी दूध किती प्याली, कुणी दिला. दोघांनी दोनदा देऊ नये म्हणून. सगळ्यात वर भाऊजींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "प्याली नाही तर डोस नाही." गाठीचा लालभडकपणा कालपासून थोडा उतरल्यासारखा वाटतो, आमच्या मनाचे खेळ असतील तर माहीत नाही.

सासूबाई काल आल्या. डॉक्टर ताईंचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. त्या बहिणीजवळ जाऊन बसल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. ग्रहणाचा विषय निघाला नाही.

एक शेवटचं. पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची लस आहे. औषध चालू असताना लस द्यायची का? ताप आला तर?

त्वचा_ओपीडी | शनिवार, दुपारी १.०५

फार बरं वाटलं. मनाचे खेळ नाहीत, रंग पहिल्या काही दिवसांतच उतरायला लागतो.

लस द्यायची, ठरल्या दिवशीच द्यायची. लस देणाऱ्या सिस्टरना औषधाचं नाव सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. ताप आला तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध वजनाप्रमाणे द्या. तापात बाळ पिणं कमी करतं, तेव्हा फ्रीजवरची वरची ओळ लागू. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, नेहमीचाच द्यायचा. वजन दर भेटीत करून घ्या आणि मात्रा बदलली की कागदही बदला. औषध बहुतेकदा कित्येक महिने, बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत चालतं. गाठ बसली असं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका, पुन्हा वाढू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली असेलच, ती चुकवू नका.

मनीषनगरची_मावशी | शनिवार, दुपारी १.२०

दिली आहे, कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली. कागदावर लसीचंही जोडते. बारसं पुढच्या रविवारी आहे, काकू आणि गुलाबी, दोघींना यायचंच आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.